वाटीभर मसुराचा माग

विमलताई दीक्षित यांची आणि माझी ओळख भांडणातून झाली. हे गौरवग्रंथात शोभतं की नाही ते संपादक मंडळाने ठरवावं. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती आणि नाशिकच्या आमच्या महाविद्यालयात मी भूगोलाची अधिव्याख्याता म्हणून नुकतीच रुजू झाले होते. निफाडकडची मुलगी, गळा खणखणीत, आणि शहरातल्या पोरांसमोर आपण कमी पडू नये म्हणून अंगात जरा जास्तच आवेश. वर्गात वाऱ्यांच्या दिशा समजावून सांगत होते आणि शेजारच्या खोलीतून कुकरची शिट्टी झाली. पोरं हसली. मी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा शिट्टी. मग मागच्या बाकावरून "मॅडम, भात झाला" असा आवाज आला आणि माझा पारा चढला.

शेजारची खोली म्हणजे वनस्पतिशास्त्राची प्रयोगशाळा. मी तरातरा आत गेले. तिथे बर्नरवर खरोखरच कुकर होता आणि त्याच्यापुढे स्टुलावर सुती साडीतल्या एक सडपातळ बाई हातात घड्याळ धरून बसल्या होत्या. मी म्हटलं, "अहो, ही प्रयोगशाळा आहे की खानावळ?" त्यांनी माझ्याकडे न बघता एक बोट वर केलं, म्हणजे थांबा. ज्योत बंद केली, घड्याळ पाहिलं आणि मग म्हणाल्या, "दोन्ही आहे. बसा." कुकर उघडल्यावर त्यांनी एक वाटी भरून माझ्या हातात दिली. "खा आणि सांगा, शिजलाय का?" मसूर होता, अगदी मऊ. मी म्हटलं, "शिजलाय, पण मीठ कुठंय?" "मीठ मी मोजत नाही," त्या म्हणाल्या. मग दुसऱ्या वाटीत स्वतःला वाढून घेतलं आणि माझ्या शेजारी बसल्या. दोघींनी तो अळणी मसूर संपवला. शेवटी त्या म्हणाल्या, "बरं वाटलं हो." मला वाटलं, प्रयोग नीट झाला म्हणून बरं वाटलं असेल. खरं कारण कळायला मला पुढे बरेच महिने लागले.

आता वर्तमानपत्र उघडलं की 'कार्बन फूटप्रिंट' हा शब्द डोळ्यांपुढे येतो. त्या काळी आमच्या स्टाफरूममध्ये तो कुणी ऐकलाही नव्हता. विमलताईंचा शब्द साधा होता: माग. चोराचा माग काढतात, जनावराचा काढतात, तसा ताटात पडलेल्या पदार्थाचा काढायचा. हा दाणा कुठल्या शेतातून आला, त्याला पाणी किती लागलं, खत कुठलं पडलं, तो कितीदा गाडीत चढला आणि उतरला, शेवटी कुठल्या आगीवर शिजला? हे सगळं मिळून एका वाटीमागे धरणीवर किती ओझं पडतं, एवढाच त्यांचा प्रश्न. सहकारी हसायचे. 'दीक्षितबाई आमटीवर पीएच.डी. करतात' हा विनोद मी एकामागून एक तीन प्राचार्यांच्या तोंडून ऐकला आहे, आणि तो आपल्यालाच सुचला असं तिघांनाही वाटत होतं.

मसूरच का, असं मी विचारलं तेव्हा त्या मला एसटीत बसवून हरसूलकडे घेऊन गेल्या. थंडी पडली होती. भात कापून झालेल्या खाचरांतून वीतभर मसूर उभा होता. ताईंनी एक रोप मुळासकट उपटलं आणि मुळांवरच्या बारीक गाठी नखाने दाखवल्या. "हा खताचा कारखाना. धूर नाही, भोंगा नाही, कामगारांचा संप नाही." भात निघाल्यावर जमिनीत जी ओल राहते तेवढ्यावर हे पीक येतं, त्याला पाट लागत नाही की मोटार लागत नाही. हवेतलं नत्र मुळांशी साठवतं, म्हणून युरियाची गोणी वाचते आणि पुढच्या भातालाही थोडं मिळतं. भुसा गुरं खातात. भाताच्या तुंबलेल्या पाण्यातून जो वायू हवेत जातो तोही इथे नाही. हे सगळं त्या अशा उत्साहाने सांगत होत्या की एखादीने आपल्या लेकीचं स्थळ सांगावं.

नकाशे काढायचं काम माझ्याकडे आलं. हरसूलच्या बाजारातून मसूर व्यापाऱ्याकडे, तिथून ट्रकने लांबच्या डाळमिलला, तिथे सालं काढून, पॉलिश होऊन परत नाशिकला, आणि कधीकधी तीच डाळ फिरून हरसूलच्या बाजारात. रेघ काढता काढता मी म्हटलं, "ताई, ही तर माहेरपणाला आल्यासारखी परत येते." त्या म्हणाल्या, "माहेरी येताना एवढा नट्टापट्टा करतं का कुणी?" त्या दिवसापासून आमची गट्टी जमली. पुढे मला कावीळ झाली तेव्हा त्यांनी माझे भूगोलाचे तास घेतले. मी परत आले तर मुलांना मान्सूनऐवजी मसूर येत होता. पण त्या सगळ्या दिवसांत रोज कॉलेज सुटल्यावर माझ्यासाठी पथ्याचा डबा घेऊन आल्या आणि मी शेवटचा घास गिळेपर्यंत समोर बसून राहिल्या, हे मी विसरलेले नाही.

आता त्या पहिल्या दिवशीच्या 'बरं वाटलं'बद्दल. दीक्षितांच्या घरात मसूर चालत नव्हता. पिढ्यानपिढ्या पौरोहित्य असलेलं घराणं. मसूर मांसासारखा मानायची चाल काही घरांत आहे. कुणी त्याच्या रंगाचं कारण सांगतं, कुणी शास्त्राचं, पुष्कळांना कारण ठाऊकही नसतं. ताईंचे यजमान रघुनाथराव, म्हणजे आम्हा सगळ्यांचे नाना, शाळेत संस्कृत शिकवत. स्वभाव लोण्यासारखा, पण या एका बाबतीत ठाम. लग्न होऊन येताना ताईंनी ही रीत मान्य केली होती, तेव्हा त्यांना कुठे ठाऊक होतं की आपलं उभं आयुष्य या दाण्यापायी जाणार आहे! दिलेला शब्द मोडायचा नाही आणि जे मोजायचं ते स्वतः खाल्ल्याशिवाय त्यावर लिहायचं नाही, या दोन्ही गोष्टी सांभाळायच्या म्हणून त्यांनी वाट काढली. घरचा स्वयंपाक ओट्यावर, मसूर मागच्या गॅलरीत स्टोव्हवर. नाना आत टेबलाशी जेवत, ताई बाहेर स्टुलावर. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे घरात जेवणारी माणसं दोनच, आणि तीही दोन ठिकाणी.

त्यांनी नानांना एकदाच विचारलं होतं. हे मला त्यांनीच सांगितलं, त्र्यंबकच्या रस्त्याला एसटीत, खिडकीबाहेर बघत. "म्हटलं, अहो, एक दिवस माझ्याबरोबर खाऊन बघा ना. फक्त एक दिवस. तर म्हणाले, विमल, तुझ्या मसुरात खोट नाही. पण मी तो खाल्ला तर माझे वडील जन्मभर चुकले असं मी म्हटल्यासारखं होईल."

"मग?"

"मग काय. पुन्हा नाही विचारलं. पण मनातून जात नाही गं शकू. जगाला मी मसूर खा म्हणून सांगत फिरते, आणि माझ्या शेजारी दुसरं पान लागत नाही."

आमच्या निफाडच्या घरी जेवण म्हणजे पंगत. एकटं जेवायचं ते आजारी माणसाने नाहीतर रुसलेल्या सुनेने. ताईंना मी एकदा मुद्दाम माहेरी घेऊन गेले. आमचा सगळा बारदाना द्राक्षाचा. थोरल्या भावाने वाढता वाढता टोमणा मारला, "ताई, आमच्या बागेचा तेवढा माग काढू नका बरं का, पाणी पीत नाहीत आमची द्राक्षं, चहावर आहेत." ताई म्हणाल्या, "तुमच्या द्राक्षाचा माग जड आहे, भाऊ. पण हिवाळ्यात हरसूलची कितीतरी घरं या बागांवर जगतात. माझ्या मसुरावर जगत नाहीत. मी कुठल्या तोंडाने बोलू?" भावाने त्यांच्या पानावर आणखी एक पुरणपोळी टाकली. पंगत उठली तरी त्या बसूनच होत्या. वहिनीला वाटलं अजून काही हवंय. मला ठाऊक होतं, त्यांना उठायचं नव्हतं.

कामातली त्यांची सगळ्यात मोठी चूक याच सुमाराची, आणि ती लिहिलीच पाहिजे असं त्यांनी मला बजावलं आहे. शेतीवर काम करणाऱ्या शिकलेल्या माणसांना 'आदर्श शेतकरी' शोधायचा रोग असतो. एक हुशार माणूस गाठायचा, त्याच्या शेतात प्रयोग करायचा, म्हणजे बाकीचे बघून शिकतात म्हणे. हरसूलजवळच्या एका पाड्यावर मसूर जवळजवळ सुटला होता. तिथे ताईंनी देवराम भोये यांना गाठलं. देवरामदादांनी भातामागे मसूर पेरला, तो तरारून आला, आणि फुलावर येता येता एका दुपारी गावच्या गुरांनी साफ केला. झालं होतं असं, की तिकडे भात निघाला की गुरं मोकळी सोडायची जुनी रीत. शेतात काही नसतंच, मग राखायचं कशाला? सगळ्यांनी मसूर पेरला तर सगळे आपापली गुरं बांधतात. एकट्याने पेरला तर तो गुरांसाठीच पेरला म्हणायचा.

आम्ही पोचलो तेव्हा दादा बांधावर बसले होते. ताई म्हणाल्या, "देवरामदादा, कॉलेजचा प्रयोग आहे म्हणून गावात सांगितलं नव्हतं का?"

"सांगलं ना बाई. लोकांना सांगलं. गुरांना कोण सांगल?" दादा हसले आणि मग त्यांचं हसू गेलं. "मलापन वाटलं, शहरातली बाई हाय, लोक लाजंकाजं गुरं बांधतील. नाय बांधली. एकल्याचं पीक नाय राहत इकडं."

ताई त्यांच्या शेजारी बांधावर बसल्या. "चूक माझी आहे, दादा. मी एकच घर धरलं." मग दादांच्या घरून चहा आला.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत विमलताई पाड्यावर मुक्कामाला गेल्या. घरोघरी उंबऱ्याशी बसायचं, नागलीची भाकरी खायची आणि एकच म्हणायचं, "मसूर पेरू नका हवं तर, पण गुरं बांधा." लोकांनी चेष्टा केली, मग भाकरी वाढली, मग ऐकलं. त्या हिवाळ्यात पाड्याचं सगळं शिवार मसुराने हिरवं होतं. त्या दिवाळीत नाना मात्र नाशिकला एकटे होते. मी फराळाचा डबा घेऊन गेले तर दार उघडून म्हणाले, "बोरस्तेबाई, तिला सांगू नका, पण घर खायला उठतं हो." मी अर्थातच सांगितलं. पुढच्या दिवाळीत ताईंनी नानांनाही पाड्यावर नेलं. नानांनी तिथल्या मुलांना शुभंकरोति शिकवलं आणि पेरायच्या मसुराची पोती तोलायला मदत केली. खाल्ला मात्र नाही.

ताकाला जाऊन भांडं लपवणं विमलताईंच्या स्वभावात नाही, याचा अनुभव अनेकांनी घेतला असेल. शेतात मसुराची वाटी हलकी ठरली होती. पण त्याच पाड्यावर चुलीपुढे बसून त्यांनी लाकूड तोललं, तेव्हा दिसलं की न भिजवता तासन्‌तास रटरटत ठेवलेला अख्खा मसूर शेतात जे वाचवतो त्यातलं बरंचसं चुलीत घालवतो. त्यांनी ते जसंच्या तसं लिहिलं. कडधान्यं खा असा प्रचार करणाऱ्या एका संस्थेने त्यांना व्याख्यानाला बोलावलं होतं. संयोजक म्हणाले, "मॅडम, ते चुलीचं तेवढं वगळा." ताई म्हणाल्या, "वगळते की. मग लोकांना मसूर कच्चाच खायला सांगा." व्याख्यान रद्द झालं. आम्ही दोघी नटूनथटून निघालेल्या, त्या बसस्टँडवर चहा पिऊन घरी आलो. त्यानंतर कुठल्याच मोठ्या सभेचं बोलावणं त्यांना आलं नाही. मसूरवाल्यांना त्या मसुराच्या विरोधात वाटल्या आणि बाकीच्यांना त्या मसूरवेड्या वाटतच होत्या. रात्री भिजवा, शिजवताना झाकण ठेवा, एवढा साधा सल्ला त्या पाड्यावरच्या बायकांना देत राहिल्या, आणि त्या बायकांनी तो ऐकला.

नव्या शतकाच्या सुरुवातीला नाना आणि ताई काशीला गेले. काशीला गेलं की आवडीचा एक पदार्थ सोडायचा, ही आपली रीत. लोक कारलं नाहीतर पडवळ सोडून फुकटचं पुण्य पदरात पाडून घेतात. माझ्या सासूबाईंनी तर पाव सोडला, जो त्यांनी जन्मात खाल्ला नव्हता. नानांनी भात सोडला! भाताशिवाय जेवण म्हणजे मंगलाष्टकांशिवाय लग्न, असं म्हणणारा माणूस. घाटाच्या पायऱ्या चढताना ताईंना म्हणाले, "भाताला पाणी फार लागतं असं तूच सांगतेस ना? मसूर काही मला खाता येत नाही. एवढं तरी करता येईल."

ताईंनी हे सांगितलं तेव्हा माझे डोळे भरून आले. म्हटलं, "ताई, काय मन आहे हो नानांचं!"

"मोठंच आहे. पण मी सोबत मागितली होती, शकू. त्यांनी त्याग दिला."

पुढची गंमतही सांगायला हवी. भात सुटला आणि नानांचं पोट भरेना. म्हणून रात्रीची दूधपोळी सुरू झाली, तीवर साजूक तूप. आता म्हशीच्या चाऱ्यापासून धरलं तर दुधातुपाचा माग त्या भातापेक्षा जड, हे ताईंना तोंडपाठ होतं. मी म्हटलं, "सांगा की त्यांना." त्या माझ्यावर उखडल्या. "वेडी आहेस का? प्रत्येक लग्नात वाढप्याला अडवून ते अभिमानाने सांगतात, भात नको, पाणी फार लागतं. त्यांना मी सांगू?" प्राचार्यांपुढे, संयोजकांपुढे एकही उत्तर न झाकणाऱ्या बाईंनी एवढं एक उत्तर झाकून ठेवलं. नाना असेपर्यंत ते त्यांना कळलं नाही. आज लिहिते आहे, कारण आज ते वाचायला नाहीत.

पाड्यावरचा मसूर काही हिवाळे टिकला. मग दिंडोरीकडच्या द्राक्षबागा वाढत गेल्या आणि भात झोडून झाला की घरंच्या घरं छाटणीला, विरळणीला, खुडणीला जाऊ लागली. शेत राखायला गावात माणूस उरेना. एकेक घर गळत गेलं, शेवटी देवरामदादांचं तेवढं राहिलं, आणि मग तेही थांबले. त्यांना कोण दोष देईल? पुढे हरसूलच्याच आठवडी बाजारात आम्हाला जहाजाने आलेला परदेशी मसूर दिसला, टपोरा आणि स्वस्त. ताईंनी मूठभर घेतला. "शकू, याचा नकाशा काढ." मी घरी काढायला बसले, पण माझ्या नाशिक जिल्ह्याच्या कागदावर तो मावणार कसा? मी हसून ताईंना तसं सांगितलं. त्या हसल्या नाहीत.

नाना जाऊन आता दोन वर्षं होतील. त्यापाठोपाठ ताई निवृत्त झाल्या. आणि यंदा त्यांना साठ वर्षं पूर्ण झाली, म्हणून हा ग्रंथ.

लेखासाठी चार गोष्टी विचाराव्यात म्हणून गेल्या महिन्यात भर दुपारी मी त्यांच्याकडे गेले. ताई वाळल्या होत्या. ब्लाउज खांद्यावरून उतरत होता. ओटा कोरडा ठणठणीत. विचारलं, "जेवण झालं?" तर म्हणाल्या, "होईल." दोन वाजून गेले होते. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "ताई, तो स्टोव्ह आता तरी गॅलरीतून आत आणा. आता कोण नको म्हणणार आहे?" म्हटलं आणि जीभ चावली.

ताई रागावल्या नाहीत. "आणला होता गं. ओट्यावर कुकर लावला, छान फोडणी घातली, टेबलाशी बसले. घास उतरेना."

"का?"

"गॅलरीत आणि स्वयंपाकघरात ती खिडकी आहे ना? ते आत जेवायचे, मी बाहेर. आतून विचारायचे, काय गं, आज शिजला का नीट? मी म्हणायची, शिजला. मग ते शाळेतलं सांगायचे, मी कॉलेजातलं. ताटलीचा आवाज आला की कळायचं पोळी संपली, मी उठून वाढायची. इतकी वर्षं मी तुझ्याकडे रडगाणं गायले, मी एकटी जेवते म्हणून. कसली एकटी! एकटं जेवणं काय असतं ते आत्ता कळतंय."

पुढे ताई म्हणाल्या, "आता मी फारसं खातच नाही. सकाळचा चहा, दुपारी झालं तर काहीतरी. माझा माग बघ किती हलका झालाय. एवढा हलका तर मसुराचाही नव्हता." आणि हसल्या.

मला संताप आला. मोठ्यांना असं बोलू नये, पण बोलले. "ताई, असला हलकेपणा गेला खड्ड्यात! धरणीवरचं ओझं कमी करायचं म्हणजे धरणीवरचं माणूस कमी करायचं, असं कधी लिहिलंत तुम्ही?" मी उठले, डबे धुंडाळले, मसूर सापडला तो तसाच कोरडा कुकरमध्ये घातला आणि गॅस मोठा केला. त्या ओरडल्या, "अगं, भिजव तरी! किती गॅस जाईल!" मी म्हटलं, "जाऊ दे." कणीक मळली, पोळ्या लाटल्या, दोन ताटं घेतली. ताईंनी दीड पोळी खाल्ली. मधेच त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते पुसलं आणि पुन्हा जेवू लागल्या. मीही जेवत राहिले.

विमलताईंच्या कामाची थोरवी या ग्रंथात माझ्याहून जाणती मंडळी सांगतील. ज्या शब्दाचा आज सगळीकडे बोलबाला आहे, तो शब्द येण्याआधी या बाईंनी ते काम एका कुकरवर आणि एसटीच्या तिकिटावर केलं, हे त्यांनी सांगावंच. मला त्यांच्या विद्यार्थ्यांना, मित्रमंडळींना वेगळं सांगायचं आहे. समारंभात शाल द्या, श्रीफळ द्या, फोटो काढा. पण मग त्यांच्या घरी जा. जेवणाच्या वेळेला जा. आधी कळवू नका, कळवलंत तर त्या 'कशाला त्रास' म्हणतील. पाटावर बसवतील की टेबलाशी, ते त्या ठरवतील. ज्यांच्या घरी मसूर चालत नाही त्यांनी आपला डबा घेऊन जावं, त्याला कुणाची हरकत नाही. मी मंगळवार आणि शुक्रवार घेतले आहेत. बाकीचे वार मोकळे आहेत.

त्या दुपारी निघताना मी विचारलं, "ताई, लेखाच्या शेवटी शुभचिंतन करावं लागतं. तुमच्यासाठी काय मागू? शंभर वर्षं?"

"नको गं बाई. एवढी वर्षं घेऊन करू काय?" मी चपला घालेपर्यंत त्या दाराशी उभ्या राहिल्या, आणि मग म्हणाल्या, "भूक लागू दे म्हण."

साठी पूर्ण झालेल्या वडीलधाऱ्या व्यक्तीला दीर्घायुष्य आणि आरोग्य चिंतायचं असतं. ते मी चिंततेच, अगदी देवापुढे हात जोडून. पण मागणं त्यांचं आहे, तेव्हा त्यांच्याच शब्दांत मागते. विमलताई, तुम्हाला रोज कडकडून भूक लागो, आणि तुम्ही पानं घेतलीत की ती एकाहून जास्त असोत.